मसल कारला कॅम निवडताय? आधी गाडी बघा, मग कॅटलॉग

अमेरिकेत राहून १९६७ ते ७२ मधली शेवर्लेची कमारो, नोव्हा, शेव्हेल असली दणकट इंजिनाची गाडी (मसल कार) घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला कॅम (इंजिनचे व्हॉल्व उघड-बंद करणारा दांडा) टाकला की ती उभी असताना धडधड-धडधड करत हलेल? बुलेटवाल्यांना डुगडुग हवी तसंच हे. मलाही तो आवाज आवडतो, पण त्या आवाजासाठी टाकलेला कॅम सिग्नलवरून निघताना काय करतो आणि उतारावर ब्रेक दाबला की काय करतो ते कॅटलॉगात मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. उदाहरण सगळं शेव्हीच्या (शेवर्लेच्या) ३५० घनइंची 'स्मॉल ब्लॉक' इंजिनचं घेतोय, कारण ज्याच्या त्याच्याकडे तेच असतं.

आधी आकडे वाचायला शिका. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व किती वेळ उघडा राहतो, क्रँकच्या डिग्रीत. डब्यावर जो मोठा आकडा असतो तो प्रत्येक कंपनी आपापल्या ठिकाणाहून मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे ते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. बघायचा तो ५० थाऊला मोजलेला, म्हणजे टॅपेट (कॅमवर बसून व्हॉल्वला ढकलणारा) ०.०५० इंच उचलला गेल्यापासूनचा. कॉम्प कॅम्सचा एक्सई२६८एच बघा, नावात २६८ आहे पण ५० थाऊला इनटेक २२४ आणि एक्झॉस्ट २३०. माझा ढोबळ हिशोब असा की रस्त्यावरच्या ३५० ला २१० च्या आत असेल तर गाडी स्टॉकसारखी (कंपनीतून आल्यासारखी) गुपचूप चालते, २१० ते २२० मध्ये खरी मजा आहे, २२० च्या पुढे आयडल (उभ्या गाडीत इंजिनचं चालणं) हलायला लागतं आणि २३० च्या पुढे गेलात की कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो), मागचा गिअर (मागच्या अॅक्सलचा), ब्रेक सगळंच बदलायची तयारी ठेवा. आणि हे ३५० पुरतं हां, तोच २२४ चा कॅम ४५४ मध्ये सौम्य वाटेल आणि ३०५ मध्ये तिखट.

मोठ्या कॅमने खालचा पिकअप का जातो? इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि व्हॉल्व अजून उघडाच, मग कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं आणि सिलिंडरमध्ये प्रेशरच बनत नाही. वरच्या आरपीएमला मिश्रण एवढ्या जोरात आत येत असतं की पिस्टन वर यायला लागला तरी ते भरतच राहतं, म्हणून तिथे ताकद मिळते. म्हणून कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) माहीत असल्याशिवाय कॅम निवडूच नका. १९७१ ला जीएमने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, आणि सत्तरच्या दशकातली बरीच ३५० इंजिनं ८.५ च्या आसपास किंवा त्याखाली आहेत, वर ७६ सीसी चेंबरची हेडं. अशा इंजिनात २३० चा कॅम टाकला की गाडी खाली अगदी मरगळते. आधीचा मालक "दहा कॉम्प्रेशन आहे" म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका, ब्लॉकच्या मागच्या बाजूचा कास्टिंग नंबर आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर असलेल्या पॅडवरचा शिक्का बघा, कितीतरी गाड्यांत मूळ इंजिन राहिलेलंच नसतं. हेडचा नंबर पण बघा.

मग मागचा गिअर. ओव्हरड्राइव्ह नसेल तर हिशोब सोपा आहे, ताशी मैल गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. ३.०८ चा गिअर आणि २६ इंची टायर असेल तर ६० च्या स्पीडला साधारण २४०० आरपीएम, ३.७३ असेल तर २९००. एक्सई२६८एच ची रेंज कंपनी १६०० ते ५८०० सांगते, पण ऑटोमॅटिक गाडीत ३.०८ आणि स्टॉक कन्व्हर्टर असेल तर शहरात तुम्ही सतत त्या रेंजच्या तळाशीच घुटमळत बसणार. कन्व्हर्टरचा स्टॉल (ज्या आरपीएमला तो पकड घेतो) कॅमची रेंज सुरू होते त्याच्या बराच वर पाहिजे. मॅन्युअलवाल्यांना इथे थोडी सूट आहे, क्लच आहे ना.

पॉवर ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. धडधाकट स्टॉक इंजिनला समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असतो, १५ च्या खाली गेला की पेडल कडक व्हायला लागतं, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच अजून जातो, म्हणजे डेनव्हरला राहात असाल तर पाच इंच आधीच गेले. व्हॅक्यूम खातो तो ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व एकाच वेळी उघडे राहतात तो काळ, आणि ओव्हरलॅप ठरतो ड्युरेशन आणि लोब सेपरेशनवर (कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधला कोन, डिग्रीत). १०८ किंवा ११० सेपरेशन म्हणजे आवाज जास्त, व्हॅक्यूम कमी, आणि ११२-११४ ला गाडी शांत. १९६५ च्या ३२७ एल७९ चा फॅक्टरी कॅम २२२ डिग्रीचा होता पण ११४ वर, म्हणून तर साडेतीनशे हॉर्सपॉवरची गाडी रोज चालवता यायची. याउलट ३०२ इंजिनवाल्या कमारो झेड/२८ चा "थर्टी-थर्टी" कॅम, ड्युरेशन फारच मोठं, पण नाव मोठं आहे म्हणून तो स्टॉक ३५० ऑटोमॅटिकमध्ये घालणारे आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

लिफ्टच्या (व्हॉल्व किती उचलला जातो त्याच्या) मागे फार लागू नका. जुन्या स्टॉक हेडवर ४५०-४७० थाऊच्या पुढे गेलात की रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व्हॉल्व गाईडच्या सीलला भिडायची शक्यता असते, निदान ५० थाऊ मोकळी जागा मोजून घ्या. कॅमबरोबर त्याला जुळणाऱ्या स्प्रिंग घ्याच, तिथे पैसे वाचवू नका.

तर माझी निवड. कॉम्प्रेशन ९, स्टॉक कन्व्हर्टर, ३.०८, पॉवर ब्रेक, तर ५० थाऊला इनटेक/एक्झॉस्ट २०४/२१४ च्या आसपास आणि सेपरेशन ११२. कॉम्प्रेशन साडेनऊ, ३.५५ चा गिअर, २४०० चा कन्व्हर्टर असेल तर २१८/२२४ बिनधास्त. दोघांत अडकलात तर छोटा घ्या. आणि कॅम कंपनीच्या टेक लाईनला फोन करायला लाजू नका, फुकट असतो, फक्त गाडीचे आकडे खरे सांगा.

रोलर (चाकवाला) की फ्लॅट (सपाट तळाचा) टॅपेट? जुना ब्लॉक असेल तर रेट्रोफिट रोलरला बराच जास्त खर्च येतो, आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या धातूला चालणारा आहे का तेही विचारावं लागतं, पण ब्रेक-इनचं (नवा कॅम पहिल्यांदा चालवून बसवण्याचं) टेन्शन नाही. फ्लॅट घेतलात तर टॅपेट नवेच लागणार, जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही. लोबला (कॅमच्या उंचवट्यांना) मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमचं वंगण), तेल झिंकवालं, आजकालच्या साध्या तेलात ते कमी असतं. डबल स्प्रिंग असेल तर ब्रेक-इनपुरती आतली काढून ठेवा. सुरू करायच्या आधी कार्ब्युरेटरच्या बोलमध्ये पेट्रोल, टायमिंग जुळवलेलं, पाणी भरलेलं, म्हणजे उगाच क्रँक मारत बसायला लागणार नाही. सुरू झालं की लगेच २००० ते २५०० वर, वरखाली करत वीस ते तीस मिनिटं, आयडलला आणायचं नाही, शेजारी ओरडले तरी. मग तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून बघा, आणि त्यात चमकी दिसली तर व्हॉल्व कव्हर काढून कुठला रॉकर कमी उचलतोय ते शोधा, तो भुगा बेअरिंगपर्यंत जायच्या आत.