पोराच्या फाईलवर ‘पॅलिएटिव्ह’ लिहिलं की कोणाला काय विचारायचं

ताईच्या मुलाच्या केस पेपरवर पहिल्यांदा ‘पॅलिएटिव्ह ओपीडी’ असं लिहून आलं तेव्हा दाजी तो कागद हातात घेऊन हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तासभर बसून होते, त्यांना वाटलं झालं, डॉक्टरांनी हात टेकले. कोणी काही समजावलं नव्हतं, नुसतं ‘तिसरा मजला, मंगळवारी या’. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, गर्दी बेक्कार होती. पुढे दीड वर्ष आम्ही त्याच टीमच्या आधाराने काढलं, ताई कळव्याला आणि मी ऐरोलीला, त्यामुळे अर्ध्या चकरा माझ्याच झाल्या. त्यातून कळलं ते लिहितोय, म्हणजे अजून कोणाचे दाजी पायऱ्यांवर बसायला नकोत.

पहिली गोष्ट, पॅलिएटिव्ह म्हणजे ‘आता घरी घेऊन जा’ नाही, गंभीर आजारात पोराचा त्रास कमी ठेवायचं आणि घरच्यांना आधार द्यायचं काम. जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे की मुलांच्या बाबतीत हे काम निदान झालं तेव्हापासून सुरू व्हायला हवं आणि मूळ उपचार चालू असले तरी सोबत चालू शकतं. आणि फक्त कॅन्सर नाही हां, आमच्या शेजारच्या खुर्चीवर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा होऊन हालचाल अवघड होते ते) एक मुलगी असायची, एक मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा (स्नायू कमजोर होत जातात तो) मुलगा असायचा. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, चालू ट्रीटमेंट बंद होणार की याच्यासोबत चालणार. दुसरं विचारा, होम केअरवाले आमच्या पिनकोडला येतात का. परळच्या टाटाची होम केअर टीम आहे, खारघरला टाटाचंच कॅन्सर केंद्र ॲक्ट्रेक आहे, पण कोणाची टीम कुठपर्यंत येते हे ज्याच्या त्याच्याकडेच विचारायला लागतं, ठाणे-दिवा-कल्याणकडची माणसं टीम येईलच असं गृहीत धरतात आणि मग ऐन वेळी फसतात.

डॉक्टरचं काम दुखणं, दम लागणं, उलट्या, फिट, झोप हे आटोक्यात ठेवणं. आपण सगळे जाऊन एकच विचारतो, ‘किती दिवस?’ याचं उत्तर त्यांनाही नक्की देता येत नाही आणि पोरगं बाजूला बसून सगळं ऐकत असतं. त्यापेक्षा विचारा, पुढच्या महिनाभरात काय काय होऊ शकतं आणि तसं झालं तर घरी आम्ही काय करायचं. याचं उत्तर मिळतं, आणि ते लिहून घ्या, वहीतच, मोबाईलमध्ये नको कारण मोबाईल कोणाच्या तरी खिशात असतो आणि तो माणूस ऑफिसला गेलेला असतो.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात भूकंप होतो, आमच्याकडे आजी म्हणाली पोराला अफूची सवय लावताय काय. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की दुखण्यासाठी मोजून दिलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, पहिले काही दिवस गुंगी असते मग कमी होते, बद्धकोष्ठता मात्र होतेच म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. आणि घड्याळ लावून द्यायचं, दुखायला लागल्यावर नाही. हे शेवटचं आम्हाला पटायला महिना लागला, उगाच पोराला ‘सहन कर थोडं’ करत बसलो. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ते ठेवणं सोपं झालंय, पण नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मागाल तर तो तुमच्याकडेच संशयाने बघेल. म्हणून गोळ्या मोजत राहा, शनिवार-रविवार मध्ये येणार असेल तर गुरुवारीच जाऊन आणा.

आता सिस्टर. सगळ्या टीममध्ये एकच माणूस धरून ठेवायचा असेल तर सिस्टरला धरा, हे माझं मत आहे, डॉक्टरांना राग आला तर येऊ दे. फोन कोणाला आणि किती वाजेपर्यंत करायचा हे तिलाच विचारा. नाकातल्या नळीतून पेज कशी सोडायची, तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची हे सगळं ती शिकवते. पण इथे एक युक्ती, ‘करून दाखवा’ म्हणू नका, ‘मी करते, तुम्ही बघा’ म्हणा. ताईने तीनदा बघितलं होतं आणि घरी येऊन हात थरथरायला लागले, चौथ्यांदा सिस्टरसमोर स्वतः केलं तेव्हा जमलं.

दुखणं ओळखायलाही सिस्टरनेच शिकवलं. तीन वर्षांच्या पुढचं मूल चेहऱ्यांचं चित्र बघून बोटाने दाखवू शकतं, हसरा चेहरा ते रडका चेहरा. जे बोलू शकत नाही त्याच्यासाठी पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, प्रत्येकाला शून्य ते दोन मार्क, एकूण दहा. आमचा पोरगा रडायचाच नाही, गप्प पडून असायचा, आम्ही म्हणायचो बघ किती शांत झोपलाय. सिस्टरने चादर बाजूला केली तर पाय पोटाशी आवळून घेतलेले. ती आमच्यावर ओरडली नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पैसे, कागद, रजा, भांडणं यासाठी सोशल वर्कर, सगळे एमएसडब्ल्यू मॅडम म्हणतात. यातलं काही डॉक्टरला विचारू नका, त्यांनाही माहीत नसतं. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, कुठे बसतात ते मॅडम सांगतात, कॅन्सर असेल तर उपचाराच्या प्रवासाला रेल्वेची सवलत आहे, तो फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो, आणि लोकलच्या दिव्यांग डब्यातही कागद दाखवून बसता येतं. ठाण्याच्या गर्दीत सकाळी आठ वाजता पोर खांद्यावर घेऊन चढून बघा म्हणजे या कागदाची किंमत कळेल. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया वगैरे असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ते येतात, तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. सेरेब्रल पाल्सीसारख्या मुलांसाठी निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. रेशन कार्ड आणि आधारच्या पाच-पाच झेरॉक्स कायम पिशवीत.

घरातलं भांडणही मॅडमना सांगायला लाजू नका. आमच्याकडे आजीला कोकणातल्या देवाला न्यायचं होतं आणि दाजींना नाही, मॅडमनी दोघांना एकत्र बसवून विचारलं पोराला काय हवंय. त्याला समुद्र बघायचा होता, बास.

फिजिओ आणि डाएटिशियन थोडक्यात: फिजिओचा उपयोग ताकद वाढवण्यापेक्षा श्वास मोकळा राहायला आणि सांधे आखडू नयेत म्हणून, आणि डाएटिशियनला विचारा ‘काय खाल्लं नाही तरी चालेल’, कारण पोटात भूक नसलेल्या पोराच्या तोंडात आंबील कोंबून आपणच त्याला हैराण करतो.

मानसोपचारवाल्या मॅडम पोरासाठी आहेत असं वाटतं, पण भावंडांना जास्त लागतात. भाचीला, पाच वर्षांची तेव्हा, वाटत होतं की तिने दादाला ढकललं म्हणून तो आजारी पडला. मॅडमनी चित्र काढायला दिलं तेव्हा ते बाहेर आलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, मेलेल्या माणसाला ‘झोपला’ म्हणू नका, मग लहान मूल झोपायलाच घाबरतं. ‘गावाला गेला’ पण नको.

आणि ज्यांचं नाव कुठल्या चार्टवर नसतं ते, वॉर्डमधले मामा आणि मावशी. पोरं अवघड प्रश्न डॉक्टरला विचारत नाहीत, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला विचारतात. मी सख्खा मामा, पण ‘मी मरणार का’ हे त्याने एक्सरेला जाताना लिफ्टमध्ये वॉर्डच्या मामांना विचारलं. मामा म्हणाले, ‘मला नाय माहीत बाळा, पण तुला काय वाटतं?’ आणि नंतर येऊन सिस्टरला सांगितलं. मी असतो तर ‘काहीतरी काय बोलतोस’ म्हणून गप्प केलं असतं. तर मामा-मावशींना विचारत जा, पोर तुमच्याशी काय बोलतं. आणि टीमला सांगा की आम्ही घरी त्याला काय सांगितलंय आणि काय नाही, नाहीतर पाच जण पाच गोष्टी सांगतात.

घरीच ठेवायचं ठरलं असेल तर एक काम आधीच करून टाका, मन होणार नाही पण करा. टीमकडून आजाराचं पत्र लिहून घ्या आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरला दाखवून ठेवा, कारण घरी मृत्यू झाला की दाखला डॉक्टरच देतो आणि त्याशिवाय स्मशानात अडवतात, रात्री अडीचला कळव्यात डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये. १०८ ला फोन करायचा की सिस्टरला हेही आधी ठरवा, घाबरून केलेल्या फोनमुळे पोर शेवटी कॅज्युअल्टीत जातं. आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर दोन नंबर होते, सिस्टरचा आणि फॅमिली डॉक्टरचा.

पोर गेल्यानंतरही टीमचं काम संपत नाही, सिस्टरचा फोन दहाव्याच्या आदल्या दिवशी आला, भाचीच्या शाळेत बाईंशी कसं बोलायचं तेही मॅडमनी सांगितलं. उरलेलं मॉर्फिन मात्र घरात ठेवू नका, दुसऱ्या कोणाला देऊ नका, हॉस्पिटलला परत करा. ताई स्वतःच घेऊन गेली, अकरा गोळ्या होत्या, सिस्टरने मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या, सही घेतली आणि मग मामांना दोन कटिंग आणायला सांगितले.