रोजची गाडी खाली बसवायची आहे? स्प्रिंगांआधी मोजपट्टी काढा

टायर आणि मडगार्डची कमान यांच्यातली चार बोटं फट अनेकांना खुपते. गाडी धुऊन पार्किंगमध्ये उभी केली की जास्तच. पण चाकाला खड्ड्यातून वर यायला जागा मिळते ती याच फटीत. लोअरिंग स्प्रिंगा टाकणं म्हणजे ही जागा कमी करणं. म्हणून ‘किती खाली करू’ हा प्रश्न नंतरचा. ‘खाली केल्यावर चाकाला हलायला किती जागा उरेल’ हा पहिला.

हा लेख आठवडाभर ऑफिसला जाणाऱ्या आणि सुट्टीत घरची माणसं, पिशव्या घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीसाठी आहे. ट्रॅकचं गणित वेगळं.

१. आधी जुनं काय खराब झालंय ते पाहा

‘गाडी वळणावर फार कलते, वेगात डुलते’ या तक्रारीवर स्प्रिंग हा पहिला इलाज नाही. गाडी उचलून घ्या. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल तर तो संपलाय. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) सांध्यातल्या बुशचं रबर फाटलंय का, लिंक रॉडचे (वळणावरचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला जोडणाऱ्या छोट्या कांडीचे) बॉल जॉइंट ढिले झालेत का, शॉकअपचं वरचं माउंटिंग दबलंय का, हे टॉर्च लावून बघा. खडबडीत रस्त्यावर ऐकू येणारा ‘खट्खट्’ बहुतेक वेळा लिंक रॉडचाच असतो आणि तो भाग स्वस्त आहे.

माझं मत विचाराल तर पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत आधी कंपनीचेच नवे शॉकअप आणि बुश टाकावेत, महिनाभर चालवावी आणि मग स्प्रिंगांचा विचार करावा. बऱ्याच जणांची हौस इथेच फिटते.

२. मोजा

सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, टाकी साधारण अर्धी. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर कमानीच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. मग चौघांना आत बसवा, डिकीत नेहमीचं सामान ठेवा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमची गाडी भाराने किती बसते. मागची बाजू जास्त बसलेली दिसेल. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर गाडी रिकामी असतानाच थोडी बसलेली असते, हे धरून चला.

३. किती खाली, ते तुमच्या वाटेवरचा गतिरोधक ठरवेल

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा तुकडा. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. ती त्यावर चढली की पुढची-मागची चाकं कमानीवरच असतात आणि मधला फुगवटा पोटाकडे जेमतेम ४४ मिमी येतो. असा गतिरोधक बऱ्यापैकी खाली केलेली गाडीही हळू नेली तर पार करते.

दुखणं आहे ते सोसायटीच्या गेटवरच्या आणि गावाच्या वेशीवरच्या घरगुती उंचवट्यांचं. अर्धा मीटर रुंद आणि १२ सेंमी उंच काँक्रीटचा वरवंटा आख्खा दोन चाकांच्या मधे मावतो, त्यामुळे सगळेच्या सगळे १२० मिमी पोटाखाली येतात. आता हिशोब करा. २०१८ मध्ये आलेल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांच्यातली जागा, १६३ मिमी. भाराने पोट ४० मिमी खाली आलं तर उरले १२३, कंपनीची गाडीसुद्धा केसभर अंतराने सुटते. ३० मिमी खाली केलेली भरल्यावर ९३ वर येते आणि सायलेन्सर घासतो. नवी स्प्रिंग कडक असल्याने भाराने थोडी कमी बसेल, पण तो फायदा पाच-सहा मिमीचा.

म्हणून रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा स्वतः मोजा, एक सरळ पट्टी आणि टेप पुरते. पुढच्या बंपरच्या ओठाचाही विचार करा. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर पोटाआधी तोच टेकतो. माझ्या मते आपल्याकडे रोजच्या हॅचबॅकला २० ते २५ मिमी पुष्कळ झाले. ४० मिमीचा संच फोटोत सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली कळत नाही.

४. स्प्रिंग कुठली

जुनी स्प्रिंग कापून घेऊ नका. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते, सहापैकी एक कापलं तर सुमारे २० टक्के. पण खरा धोका दुसराच आहे. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि जॅकवर किंवा मोठ्या खड्ड्यात चाक लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून ‘बसवणारे’ तर तिचा कसच घालवतात.

आयबाख, एच अँड आर यांसारख्या कंपन्यांच्या स्प्रिंगा ठरावीक मॉडेलसाठी आणि अॅक्सलवरच्या ठरावीक वजनासाठी बनतात. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पेट्रोलचा संच डिझेलला चालेलच असं नाही. नुसतं गाडीचं नाव सांगू नका, इंजिन आणि वर्षही सांगा.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगेत एका टोकाची वेटोळी जवळजवळ असतात. हलक्या धक्क्याला ती मऊ राहते, दाबली की कडक होत जाते. लिनिअर सगळीकडे सारखी. रोजच्या गाडीला प्रोग्रेसिव्ह बरी.

५. शॉकअप जोडीने निवडा

मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगेसाठी असतो. कडक स्प्रिंगेला आवरणं त्याला जमत नाही आणि गाडी टुणटुणते. शिवाय गाडी खाली बसल्याने त्याचा दांडा आधीच आत गेलेला असतो, म्हणून बंप स्टॉपर (दांडा पूर्ण आत गेला की धक्का झेलणारं रबर) लवकर टेकतो. खाली केलेली गाडी ‘आपटते’ ती यामुळे. बिलस्टीनचे बी-६ मूळ उंचीसाठी, तर बी-८ खाली केलेल्या गाडीसाठी आखूड केलेले आहेत. आपल्या मॉडेलला असा शॉकअप मिळत नसेल, तर २५ मिमीच्या पुढे जाऊच नका. बंप स्टॉपर आणि वरची माउंटिंग त्याच वेळी नवी घाला, नाहीतर त्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागेल.

उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र संच) मोहक वाटतात, पण चिखल-पाण्यात त्यांचे आटे जाम होतात. दरवर्षी साफसफाई करणार असाल तरच घ्या.

६. बसवताना उभं राहून बघा

लोअर आर्मचे बुश-बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नसतात. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लटकत असताना आवळलं की गाडी खाली येताच ते पिळवटतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकांवर वजन आल्यावरच आवळायला सांगा. घाईतला मिस्त्री हे टाळतो.

मग वाकून लोअर आर्म पाहा. चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल तर गाडी प्रमाणाबाहेर खाली गेलीय. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे शॉकअपच चाकाला वरून धरतो) रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो, वजनाच्या मध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातं, त्यामुळे एवढी खाली केलेली गाडी मऊ स्प्रिंगेवर उलट जास्त कलू शकते.

अलाइनमेंट लगेच, आणि स्प्रिंगा बसल्यावर साधारण ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. हेडलाइटची दिशाही तपासून घ्या. पुढे अधूनमधून टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं वरून पाहता आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय.

७. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम कडकपणे लावलं आहे. आरटीओत विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शनच्या दाव्यावर शोरूम हात वर करेल. काढलेल्या स्प्रिंगा आणि माउंटिंग भंगारात घालू नका. गाडी विकताना पुष्कळ गिऱ्हाइकं ‘मूळ बसवून द्या’ म्हणतात.