बाळाच्या टोपीचा घट्ट काठ : सगळी न उसवता केलेली दुरुस्ती

भाचीच्या बाळासाठी विणलेली टोपी अंगाला मऊ, पण काठ कपाळावर रुतत होता. मापात चूक नव्हती. चार पदरी लोकर, १० नंबरची सुई, १० सेंमीला २८ टाके, एकूण ९६ टाके म्हणजे साधारण ३४ सेंमी. तीन महिन्यांच्या ४० सेंमी डोक्यावर ती छान ताणून बसायला हवी. दोष सुरुवातीच्या टाक्यांचा. ते बारीक सुईवर आवळून घातले की वरची वीण ताणते, काठ मात्र ताणत नाही.

सगळी टोपी उसवू नका. आधी मागची शिवण काठापासून ५ सेंमी उसवा. काठाची १ सुलट १ उलट विणीची पट्टी जिथे संपते, तिच्या वरच्या पहिल्या सपाट ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून (टाका V सारखा दिसतो, त्याची उजवी बाजू) बारीक सुई ओवा. एकही टाका सुटता कामा नये, मोजूनच पुढे जा. आता त्या सुईच्या खालच्या ओळीतला एकच धागा कापा आणि टाक्याटाक्यातून सोडवत जा. पट्टी अलगद सुटून येते. कात्री चालवण्याआधी सुई पुन्हा एकदा तपासाच.

मग खालच्या दिशेने अडीच सेंमी पट्टी विणा. टाके बंद करताना उजव्या हातात ८ नंबरची सुई घ्या (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड). दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, झालेला टाका परत डाव्या सुईवर, पुन्हा दोन एकत्र. हा काठ रबरासारखा ताणतो.