मार्क आहेत, पण यायचंय का?

जळगाव-धुळ्याकडून मुलं घेऊन अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींना वाटतं, मार्क बोलतात. तिकडे सीईटीचं पर्सेंटाइल आणि कॅप राउंड; तुम्हाला त्या कॉलेजात खरंच जायचंय का, हे कोणी विचारत नाही. इथली बरीच खासगी कॉलेजं ते बघतात, कारण प्रवेश दिलेली मुलं आली नाहीत तर जागांचं गणित कोलमडतं. ‘आपला पोऱ्या हुशार शे’ एवढ्यावर भागत नाही. कधी चौकशीच न केलेला हुशार पोऱ्या ‘हा काही येत नाही’ म्हणून वेटलिस्टवर जाऊ शकतो.

सगळीकडे असं नाही. एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मुलाला यायचंय का, हे मोजत नाहीत. तिथला कॅम्पस बघायला गेलात तर ती सहल समजा. कोण मोजतं ते बघायला कॉलेजच्या नावासोबत ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतः छापलेली प्रवेशाची माहिती) शोधा आणि सी-७ तक्त्यात ‘अर्जदाराचा रस’ ही ओळ वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना विचारू नका. स्वतःचा मुलगा लागला की आपल्यातला प्रत्येक जण सल्लागार होतो.

आता मी घसा कोरडा करून सांगतो ती गोष्ट. कॉलेजकडे नाव आणि ईमेल मुलाचाच द्या! माहिती सत्राला बाप स्वतःचं नाव नोंदवतो, टूरवर पुढे बाप, प्रश्न बापाचे, मुलगा मागे मोबाइलमध्ये. भुसावळकडच्या एका कुटुंबाने वर्षभर असंच केलं. कॉलेजांच्या नोंदीत बाप होता, मुलगी कुठेच नाही. आलेली मेल मुलाने स्वतः उघडावी. काही कॉलेजं तेही टिपतात. रोज मेल पाठवून पिडू मात्र नका.

‘आमचंच कॉलेज का’ हा निबंध नाव बदलून दुसरीकडे खपत असेल तर फाडा. रावेरच्या मुलीने घरच्या केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूरोग आणि त्या कॉलेजातली वनस्पतिरोगाची प्रयोगशाळा जोडून लिहावं. ‘सुंदर कॅम्पस’ सगळेच लिहितात.

सगळ्यात ठळक रस म्हणजे अर्ली डिसिजन: एकाच कॉलेजात लवकर अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा करार; मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. पण ते बंधनकारक असतं. एच-४ वरच्या, म्हणजे आई-बापाच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या, मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही आणि कॉलेजांचे खर्चाचे कॅल्क्युलेटर सहसा नागरिक धरूनच हिशोब करतात. म्हणून सही करण्याआधी आर्थिक मदत विभागाकडून लेखी उत्तर घ्या. तेही मुलाच्याच ईमेलवरून.