चोवीस मिनिटांची सूट वाचायला बसण्यापूर्वी

अमेरिकेत अणुऊर्जा प्रकल्पाला एखाद्या सुरक्षा नियमातून सूट द्यायची, तर अणुऊर्जा नियामक आयोगाला बऱ्याचदा आधी तिचा पर्यावरणावरचा परिणाम तपासून अहवाल काढावा लागतो. अहवाल छोटा असतो, भाषा सपाट असते आणि शेवटी बहुधा एकच निष्कर्ष येतो: लक्षणीय परिणाम नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय या राज्यांत अशा प्रकल्पांच्या टापूत मराठी घरं कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला हरकत नोंदवायची असेल, तर आधी काय तयारी करावी ते सांगतो. उदाहरण घेतो इंडियन पॉइंटच्या तिसऱ्या अणुभट्टीचं. हडसन नदीच्या काठी, मॅनहॅटनच्या उत्तरेला साधारण 60 किलोमीटरवर ती होती. 2021 मध्ये ती कायमची बंद झाली, पण हा विषय समजून घ्यायला तिच्या कागदांइतके चांगले कागद मला दुसरे माहीत नाहीत.

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. प्रत्येक अणुभट्टीला एक डॉकेट क्रमांक, म्हणजे आयोगाच्या दप्तरातला फाइल क्रमांक, असतो. या अणुभट्टीचा होता 50-286. तो टाकून आयोगाच्या ‘ॲडम्स’ या कागदपत्र-संग्रहात शोधा. कंपनीचा मूळ अर्ज, नंतरची पुरवणी पत्रं, आयोगाचं सुरक्षा मूल्यमापन आणि पर्यावरण अहवाल हे सगळं एकत्र ठेवा. पुरवणी पत्रं गाळू नका, कारण मागणी मध्येच बदलते. इंडियन पॉइंटच्या 2006 च्या अर्जात केबलवरचं अग्निरोधक आवरण आगीत एका तासाऐवजी 30 मिनिटं टिकलं तरी चालवून घ्या, अशी मागणी होती. 2007 मध्ये केबली नेणाऱ्या एका विद्युत बोगद्यापुरती ती 24 मिनिटांवर आली. नुसता पहिला अर्ज वाचून हरकत लिहिली असती, तर ती भलत्याच आकड्यावर गेली असती. शिवाय जुन्या सवलतीही काढून पाहा. अणुभट्टीतल्या या केबलींच्या जागांना 1987 मध्येच एक सवलत मिळालेली होती. म्हणजे 2007 ची सूट कोऱ्या पाटीवर दिलेली नव्हती, ती आधीच्या सवलतीवर आणखी सवलत होती.

मग नियम कशासाठी झाला ते समजून घ्या. यावर हवा तितका वेळ घालवा, तो वाया जाणार नाही. 22 मार्च 1975 रोजी अलाबामातल्या ब्राउन्स फेरी प्रकल्पात कामगार भिंतीतल्या केबलच्या भोकांमधून हवा गळते का ते पाहत होते. पाहायचं साधन होतं पेटती मेणबत्ती. ज्योत भोकाकडे ओढली गेली, भोक बुजवायला भरलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि आग भिंतीपलीकडे गेली. सात तासांच्या आसपास ती धुमसत राहिली आणि 1,600 हून अधिक केबली खराब झाल्या. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या मूळ यंत्रणेच्या आणि तिच्या पर्यायी यंत्रणेच्या केबली जवळजवळ असल्याने एकाच आगीत दोन्हींना झळ बसली. त्यातून 1980 चे अग्निसुरक्षा नियम आले. अणुभट्टी सुरक्षित बंद करणाऱ्या दोन यंत्रणांच्या केबली एकाच आगीत सापडू नयेत, हा त्यांचा गाभा. त्यासाठी मधे तीन तास टिकणारा अडथळा हवा; किंवा एक तासाचं आवरण आणि सोबत धूर-आग ओळखणारी व आपोआप विझवणारी यंत्रणा हवी; किंवा तशाच यंत्रणेसह 20 फुटांचं अंतर हवं आणि त्या अंतरात जळण्याजोगं काही नको.

आता वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे नियम मागतो ते, उजवीकडे प्रत्यक्षात आहे ते. इंडियन पॉइंटला ‘हेमिक’ नावाचं आवरण होतं, सिरॅमिक धाग्यांची जाड गादी आणि वर कापड. 2005 मध्ये आयोगाने त्याच्या चाचण्या केल्या, तेव्हा उष्णतेने वरचं कापड आकसलं, सांधे उघडे पडले आणि तासभराचं म्हणून विकलेलं आवरण तासभर टिकलं नाही. तेव्हा डावीकडे 60 मिनिटं आणि उजवीकडे 24 किंवा 30. उरलेली मिनिटं कशाच्या भरवशावर सोडली, ते उजव्या रकान्याखाली लिहा. त्या जागेत जळणारं सामान किती आहे? आग ओळखणारी यंत्रणा कुठे आहे? आग विझवणारे फवारे सगळीकडे आहेत की थोड्याच भागात? माझ्या मते सगळ्या हरकतीचं वजन या एका पानावर ठरतं.

कायद्याचा आधार थोडक्यात पाहून घ्या. सूट कायद्यात बसणारी हवी, लोकांच्या आरोग्याला अवाजवी धोका नको, देशाच्या सुरक्षेला बाध नको; आणि वर काहीतरी विशेष परिस्थिती दाखवावी लागते. इथे दाखवलेली परिस्थिती अशी, की नियम तंतोतंत न पाळताही त्यामागचा हेतू साध्य होतो. मेणबत्तीपासूनचा इतिहास वाचायला सांगितला तो यासाठीच. हेतू काय होता ते माहीत नसेल, तर तो साध्य झाला का हे तपासणार कसं?

पर्यावरण अहवाल इतकं सगळं झाल्यावरच उघडा. त्यात किरणोत्सार वाढणार नाही, अपघाताची शक्यता फारशी बदलणार नाही, नदीवर किंवा माशांवर परिणाम नाही, अशी विधानं ओळीने येतात. प्रत्येकापुढे ‘कशावरून?’ असं पेन्सिलीने लिहा आणि सुरक्षा मूल्यमापनात उत्तर शोधा. पर्यायांचा भागही बघा. सूट नाकारली तरी परिणाम सारखेच, असं एका वाक्यात उरकलेलं असतं. आवरण बदलायला किंवा फवारे वाढवायला काय हरकत होती, हे तिथे विचारलं पाहिजे. 2023 पासून अशा अहवालांना कायद्याने 75 पानांची मर्यादा आहे, तेव्हा जागा नव्हती ही सबब चालत नाही.

इथे जनसुनावणी मिळेल असं धरून चालू नका. जैतापूरच्या वेळी माडबनला झालेली सुनावणी ज्यांना आठवते त्यांना हे खटकेल, पण अणुऊर्जा कायद्यातला सुनावणीचा हक्क परवाना देणं, बदलणं, रद्द करणं अशा गोष्टींना लागू आहे; नियमातून सूट देणं त्या यादीत नाही. न्यूयॉर्कच्या विधानसभेतले रिचर्ड ब्रॉड्स्की याच मुद्द्यावर आयोगाविरुद्ध न्यायालयात गेले. जानेवारी 2013 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे बहुतेक मुद्दे फेटाळले, पण एक उचलून धरला: अहवाल काढताना लोकांना का विचारलं नाही, याचं कारण आयोगाने दिलेलं नाही. मग आयोगाने अहवालाचा मसुदा लोकांसमोर ठेवून हरकती मागवल्या. सूट कायम राहिली. तरीही हा निकाल हाताशी ठेवा आणि अहवालात लोकांना विचारल्याची नोंद आहे का ते बघा. राज्याच्या अधिकाऱ्याला कळवलं, एवढीच नोंद असेल तर तेही लिहून ठेवा.

हरकत लिहिताना ‘प्रकल्प बंद करा’ असं लिहिण्यात अर्थ नाही, तो या कागदाचा विषयच नव्हे. डॉकेट क्रमांक, खोलीचं नाव, पान, विधान आणि त्यावरचा तुमचा प्रश्न, एका परिच्छेदात एकच मुद्दा. अभियंता ओळखीचा असेल तर त्याच्याकडून एकदा तपासून घ्या. मुदतीची तारीख संघीय राजपत्रातल्या (फेडरल रजिस्टर) सूचनेत असते. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा आणि अंतिम अहवाल आला की तुमच्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर मिळालंय का ते एकेक करून ताडून पाहा.