थिन फिल्म 'खराब झाली' म्हणण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यात थिन फिल्मवर, म्हणजे सौर सेलसाठी काचेवर चढवलेल्या पातळ थरावर, काम करणाऱ्याच्या वाट्याला एकाच खोलीत दोन प्रयोगशाळा येतात. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी. मृग लागला की तीच खोली दमट. मे महिन्यातली पेरोव्स्काइटची (सौर सेलमध्ये उजेड शोषणाऱ्या स्फटिक पदार्थाची) फिल्म काळीभोर टिकते, जुलैतली पिवळी पडते, आणि वहीत दोन्हींपुढे नोंद एकच: 'रूम टेंपरेचर, एअर'.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तापमान-आर्द्रतेचा साधा मीटर काही शे रुपयांत येतो. फिल्म टाकताना, तापवताना आणि मोजताना, तिन्ही वेळा आकडा लिहा. पावसाळ्यात उघड्या हवेत पेरोव्स्काइट करूच नये, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. आकडे लिहिलेले असतील तर पावसाळा ही फुकटची चाचणी आहे.

पिवळेपणा दिसला की 'ओलाव्याने गेली' असा निकाल लगेच लावू नका. मेथिलअमोनियम लेड आयोडाइड हे नेहमीचं पेरोव्स्काइट विघटित झालं की पिवळं लेड आयोडाइड उरतं. नेहमीच्या कॉपर ट्यूबच्या एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणाऱ्या मापनात) त्याचं शिखर १२.७ अंशांजवळ येतं, पेरोव्स्काइटचं १४.१ जवळ. पण १२.७ चं शिखर पहिल्या दिवशीही असू शकतं, कारण रासायनिक क्रियाच अर्धवट राहिलेली असते. पहिल्या दिवसाचा एक्सआरडी काढलेला नसेल तर नंतरच्या शिखरावरून काहीच ठरत नाही.

दुसरा घोळ विजेचा. फिल्मपासून बनवलेला सौर सेल दिव्याखाली ठेवला, रात्री लाईट गेली, सकाळी कार्यक्षमता वाढलेली! आनंदून जाऊ नका. पेरोव्स्काइट सेल अंधारात काही अंशी सावरतात. अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेला) सिलिकॉनही उजेडात उतरतो आणि तापवल्यावर परत येतो. स्टेब्लर आणि रॉन्स्की यांनी हे १९७७ साली दाखवलं. म्हणून लाईट कधी गेली, कधी आली ते लिहा आणि आलेखात ती जागा तुटकच ठेवा. बिंदू रेषेने जोडले की वाचणाऱ्याची फसगत होते. दिवा हॅलोजनचा असेल तर तो फिल्म तापवतोही. उजेडाचा परिणाम कोणता आणि उष्णतेचा कोणता, हे कळायला फिल्मलगत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हवं.

८५ अंशांची चाचणी करून खोलीच्या तापमानाचं आयुष्य काढणारेही भेटतात. मेथिलअमोनियम लेड आयोडाइडची स्फटिकरचना साधारण ५५ अंशांजवळ बदलते, म्हणजे ८५ ला तुम्ही वेगळीच रचना तपासता. उन्हाळ्यात आपल्याकडच्या गच्चीवरचं पॅनल ६० च्या वर सहज जातं, रात्री पुन्हा खाली येतं. त्यामुळे ५५ च्या खाली-वर नेणारी चक्रं द्या. तीच इथली खरी परीक्षा.

कधी कधी फिल्म शाबूत असते आणि चांदीचा इलेक्ट्रोड गेलेला असतो. आयोडीन तिथपर्यंत पोचून सिल्व्हर आयोडाइड बनतं. रोध वाढलेला दिसला तर दोन प्रोबवर विसंबू नका, चार प्रोबने (करंट आणि व्होल्टेजसाठी वेगळ्या सुया लावून) मोजा. करंट-व्होल्टेज आलेख उलट-सुलट दोन्ही दिशांनी घ्या, वेग तोच ठेवा. फिल्म टाकायची काच धुताना शेवटी बोअरच्या पाण्याने विसळू नका, क्षार बसतात.

तुलनेसाठी एक जोडीचा नमुना डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) अंधारात ठेवा आणि त्यातलं सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी झालंय का, ते नमुना काढायच्या आधी बघा.