महिला फुटबॉलची व्यावसायिक लीग उभारताना: आधी काय, मग काय

महिलांची व्यावसायिक लीग सुरू करण्याचा विचार बहुधा एखाद्या मोठ्या विजयाच्या भरात होतो आणि तिथेच हिशेब चुकतो. 10 जुलै 1999 रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे अमेरिका आणि चीन यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला 90,185 प्रेक्षक आले होते. अमेरिकेने जिंकलेल्या त्या सामन्याच्या उत्साहातून 2001 मध्ये तिथे आठ संघांची ‘वुसा’ ही महिलांची लीग उभी राहिली. पाच वर्षांसाठी राखलेले सुमारे 4 कोटी डॉलर पहिल्याच वर्षात संपले आणि सप्टेंबर 2003 मध्ये, पुढचा विश्वचषक पाच दिवसांवर आला असताना, लीगने गाशा गुंडाळला. म्हणून अंदाजपत्रक मांडताना तिकिटे आणि प्रक्षेपण यांचे उत्पन्न पहिली तीन वर्षे शून्य धरावे आणि तरीही हंगाम पुरा करता येईल एवढी रक्कम हाती असेल तरच पुढे जावे. 2013 मध्ये सुरू झालेली अमेरिकेतलीच ‘एनडब्ल्यूएसएल’ ही महिला लीग अशाच सावधपणे चालली. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला 2 लाख डॉलरची मर्यादा होती आणि राष्ट्रीय संघांतील खेळाडूंचे पगार अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या महासंघांनी उचलले होते. या काटकसरीचा भार तळाच्या खेळाडूंवर पडला, कारण त्यांना हंगामाचे जेमतेम 6,000 डॉलर मिळत. पण लीग टिकली.

पैशांची सोय झाली की वेळापत्रक हाती घ्यावे, आणि ते घाईने उरकू नये, कारण लीग व्यावसायिक आहे की नावापुरती, हे वेळापत्रकावरूनच कळते. इंडियन विमेन्स लीग 2016-17 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची अंतिम फेरी दिल्लीत सहा संघांमध्ये काही आठवड्यांत आटोपली. 2018-19 च्या स्पर्धेत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ होता, पण अंतिम फेरीचे सगळे सामने लुधियानात झाले. ज्या कोल्हापुरात पेठांच्या संघांचे सामने पाहायला शाहू स्टेडियम भरून जाते, त्या शहराला आपल्या मुली घरच्या मैदानावर खेळताना दिसल्याच नाहीत. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर सामने खेळवण्याची पद्धत 2023-24 मध्ये आली, तेव्हा सात संघ होते. पुढच्या हंगामात ते आठ झाले.

आठ संघांच्या दुहेरी साखळीत, म्हणजे प्रत्येकाशी दोनदा खेळताना, प्रत्येक संघाला 14 सामने मिळतात. आठवड्याला एक सामना धरला तर हंगाम साडेतीन महिन्यांत संपतो आणि उरलेले साडेआठ महिने खेळाडूने काय करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून तिहेरी साखळी, एखादी चषक स्पर्धा आणि राज्य पातळीवरची लीग यांची सांगड घालून किमान सात-आठ महिने स्पर्धात्मक फुटबॉल मिळेल, अशी आखणी करावी. बारा महिन्यांचा मोठा तक्ता भिंतीवर लावावा. त्यावर प्रथम फिफाने राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेले दिवस, मग राजमाता जिजाबाई करंडक या राज्यांच्या महिला संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दिवस, मग पावसाळा आणि शेवटी दहावी-बारावीच्या परीक्षा खुणावून घ्याव्यात. परीक्षांचा मुद्दा किरकोळ वाटेल, परंतु अनेक संघांतील निम्मी राखीव फळी शाळा-महाविद्यालयातली असते.

यानंतर करार. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये अव्वल श्रेणीतील क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान 3.2 लाख रुपयांचे करार करण्याची अट घातली. दरमहा हे पावणेसत्तावीस हजारांच्या आसपास जाते, म्हणजे रेल्वे किंवा पोलिसातली नोकरी सोडावी असा आकडा हा नव्हे. तेव्हा किमान रकमेला कमाल समजू नये. करार बारा महिन्यांचा असावा, दुखापतीच्या काळातही पगार चालू राहील असे त्यात स्पष्ट लिहावे आणि खेळाडूला वाचता येईल अशा भाषेतली प्रत तिच्या हाती द्यावी. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेली खेळाडू बहुधा नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर राहते, आणि महिला फुटबॉलमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा अधिक आढळते. फिफाने 2021 पासून किमान 14 आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश वेतन बंधनकारक केले आहे. ते कलमही करारात घालावे. क्लबने पगार थकवला तर लीगला तो परस्पर देता यावा, यासाठी हंगामाआधीच प्रत्येक क्लबकडून बँक हमी घ्यावी.

क्लबांना लीगमध्ये खेळू देणाऱ्या परवान्याच्या अटी कडक असाव्यात, पण त्या पुऱ्या करायला मुदत द्यावी. इंग्लंडने 2018 मध्ये आपली अव्वल लीग पूर्णवेळ व्यावसायिक केली, तेव्हा दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद नुकतेच मिळवलेल्या डॉनकास्टर बेल्स या जुन्या संघाला पैशांअभावी खाली उतरावे लागले.

खेळाडूंची सुरक्षितता हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही. एनडब्ल्यूएसएलमधील प्रशिक्षकांच्या गैरवर्तनाची प्रकरणे 2021 मध्ये बाहेर आली, लीगच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले आणि चौकशी करणाऱ्या सॅली येट्स यांच्या 2022 च्या अहवालात हा दोष संपूर्ण व्यवस्थेत मुरलेला असल्याचे नमूद झाले. तक्रारी होऊनही काही प्रशिक्षक एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जात राहिले होते. म्हणून नेमणुकीपूर्वी आधीच्या क्लबकडून लेखी माहिती मागवावी आणि तक्रार क्लबबाहेरच्या समितीकडे थेट जाईल अशी व्यवस्था ठेवावी. भारतात 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत क्रीडासंस्था आणि स्टेडियमही येतात, त्यामुळे अंतर्गत समिती नेमणे ही मेहेरबानी नाही.

मैदान लहान घ्यावे. पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये विखुरलेले दोन हजार लोक पाहून प्रायोजक मागे सरतो. कॅन्सस सिटीने 2024 मध्ये खास महिला संघासाठी बांधलेले स्टेडियमही 11,500 आसनांचेच आहे. सामना भर दुपारी ठेवू नये, वार आणि वेळ हंगामभर बदलू नये आणि पाहुण्या संघाच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, हे आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे.

प्रक्षेपणाचा पैसा उशिरा येतो. चार वर्षांसाठी 24 कोटी डॉलरचा करार एनडब्ल्यूएसएलला नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे अकरावा हंगाम संपताना मिळाला. तोपर्यंत सामने इंटरनेटवर मोफत दाखवावेत आणि हक्क एकेका हंगामापुरतेच द्यावेत. पुरुषांच्या लीगच्या हक्कांसोबत ते वरकड म्हणून देऊन टाकू नयेत. करारात त्यांची किंमत, कितीही थोडी असली तरी, वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या हंगामाची बोलणी त्या आकड्यापासून सुरू करता येतात.